फाटकापासून निघालेली पायवाट

बारक्या म्हणून सगळी गल्ली ज्याला ओळखायची, तो माणूस बारीक कधीच नव्हता. जन्मला तेव्हा असला तर असेल. आता पन्नाशी मागे पडली होती, पोट पट्ट्याबाहेर डोकावू लागलं होतं, पण थोरली बहीण बारक्या म्हणून हाक मारायची म्हणून गल्लीही मारायची. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत हे विचारणारी माणसंच आता थकली, तेव्हा आपणही तो विषय सोडून देऊ. आईवडील गेल्यावर दोघं त्याच घरात राहत होती. पुढच्या खोलीत ताईचं शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर, त्यामागे ताईची बाग, बागेच्या टोकाला लाकडी फाटक, आणि फाटक उघडलं की लगेच रान.

हिवाळा अजून पुरता उठून गेलेला नसायचा, झाडांवर नुसत्या काटक्या असायच्या, अशा दिवसांत ताईच्या बागेत भिंतीलगत निळी फुलं जमिनीतून वर यायची. उंची वीतभरसुद्धा नाही. आईनं त्यांचं नाव ठेवलं होतं लवकरी, कारण बाकीची झाडं झोपेत असताना ही उठून बसायची. भिंतीला दुपारचं ऊन मिळायचं म्हणून बागेतली लवकरी आधी फुलायची, आणि ती फुलली की थोड्याच दिवसांत रानातली फुलणार हे ठरलेलं. रानात ओढ्याच्या वळणावर एक खोलगट जागा होती. तिथे ही फुलं इतकी दाट यायची की खालची माती दिसायची नाही. ती जागा आईला सापडली होती आणि तिनं ती फक्त या दोन पोरांना दाखवली.

दाखवताना अटी घातल्या. कुणाला सांगायचं नाही. एकही फूल तोडायचं नाही. आणि दर खेपेला वेगळ्या बाजूनं जायचं, म्हणजे पायवाट पडत नाही. पायवाट पडली की तिच्यामागून माणसं येतात. वडील चिडवायचे, एवढं काय लपवून ठेवलंय तिघांनी? वडिलांना फुलांत काडीचा रस नव्हता, म्हणून तेवढ्यावर निभावलं. पुढे आईला विसर पडायला लागला. शेवटी शेवटी ती ताईलाच विचारायची, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" ताईनं तिचं न्हाणंधुणं, भरवणं, सगळं केलं, आणि त्या काळात ताईच्या मनात जी धास्ती बसली ती कायमची बसली.

आता बारक्याकडे वळू. तो चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत काचा घासायचा. गिऱ्हाइकाच्या नंबराची काच फ्रेमच्या मापाला आणायची, कडा गुळगुळीत करायच्या, बसवून द्यायची. कामात चोख. पण आतल्या खोलीतल्या माणसाला विचारतो कोण? बाहेर काउंटरवरच्या पोरी खिदळायच्या, मालकीणबाई सहलींच्या गोष्टी सांगायच्या, आणि आतून नुसता चाकाचा घरघराट. चहाच्या वेळी तो बाहेर येऊन कोपऱ्यात उभा राहायचा आणि कप रिकामा झाला की परत आत जायचा.

त्या दिवशी चहा पिताना मालकीणबाई वैतागून म्हणाल्या, "यंदा थंडी हलायचं नाव घेत नाही. कुठे एक फूल दिसेल तर शपथ!"

आणि बारक्या बोलून गेला, "मी दाखवतो ना. माती दिसणार नाही एवढी दाखवतो."

सगळ्यांनी एकदम वळून त्याच्याकडे पाहिलं. बस, तेवढंच झालं, आणि तेवढं त्याला पुरलं. एक पोरगी म्हणाली, "काय सांगता काका!" मालकीणबाईंनी स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला बसायला कुणी खुर्ची दिली होती. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मग त्याला शिडीसुद्धा लागली नाही.

दुकान अर्धा दिवस बंद असतं ती दुपार ठरली. ताई त्या दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका नवरीच्या कपड्यांचं माप बघायला जाणार होती. ही वेळ त्यानं मुद्दाम निवडली. म्हणजे आपण काय करतोय ते त्याला कळत होतं. नंतर त्यानं स्वतःची कितीही समजूत घातली तरी हे विसरता येण्यासारखं नव्हतं.

मालकीणबाई आल्या, त्यांची सून आली, काउंटरवरच्या पोरी आल्या आणि पोरींच्या मैत्रिणीही आल्या. बारक्यानं त्यांना घरातून, बागेतून नेलं, फाटकाची आतली कडी काढली आणि सरळ नाकासमोर ओढ्याकडे घेऊन गेला. वळणावळणानं, दगडांवरून जायला या मंडळींचे पाय कुठले? जमीन ओली होती, शेवाळ मऊ होतं. सगळ्यांत पुढे बारक्या, "इथं जरा सांभाळून," "फांदी धरा, फांदी," असं सांगत, आणि मागून सगळा घोळका.

खोलगट जागा दिसली तशी सून ओरडलीच. बारक्याची छाती फुगली. जणू ती फुलं त्यानंच रात्रंदिवस राबून फुलवली होती! पोरी फोटो काढू लागल्या, मग फुलांत बसून फोटो काढू लागल्या, मग केसांत खोवायला फुलं तोडू लागल्या. "अहो, तोडू नका हं," असं बारक्या म्हणाला खरा, पण इतक्या हळू की त्याचं त्यालाही नीट ऐकू आलं नाही. एवढ्यात मालकीणबाई म्हणाल्या, "मला मेलीला वाकवत नाही. माझ्यासाठी चार आणून द्याल का हो?"

तो वाकला. चारावर थांबला असता तर एक वेळ म्हणता आलं असतं की भिडेखातर तोडली. पण त्यानं मूठभर तोडली, लांब दांड्याची बघून बघून तोडली, गवताच्या काडीनं बांधली आणि त्यांच्या हातात दिली. "इतका गुणी माणूस आम्ही आत कोंडून ठेवलाय की!" मालकीणबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. बारक्या कानापर्यंत लाल झाला. आईची आठवण त्याला तेव्हा आली होती. आली, आणि त्यानं ती बाजूला सारली.

संध्याकाळच्या आत त्यानं बागेतला चिखल झाडून काढला. ताई आली, गळ्यात मापाची फीत, कॉलरला टाचण्या तशाच. "बाग झाडलीस? आज सूर्य कुठे उगवला होता रे?" ती म्हणाली. "सहज," बारक्या म्हणाला आणि जेवायला बसला. जेवण मात्र गेलं नाही.

पुढच्या सुट्टीत मालकीणबाईंची सून माहेरची माणसं घेऊन रस्त्याच्या बाजूनं पुन्हा तिथे गेली, आणि जाताना खुरपं घेऊन गेली. हे बारक्याला दुकानात कळलं, कारण काउंटरवर लवकरीची मुळासकट आणलेली रोपं कपात लावून ठेवली होती. सून कौतुकानं म्हणाली, "काका, अजून भरपूर आहेत हं तिथे!" बारक्या आत गेला आणि त्यानं चाक सुरू केलं. चाकावर काच नव्हती.

मग रानात जायला ताईनं ठरवलेला दिवस आला. बागेतली फुलं जुनी व्हायला लागली होती, म्हणजे रानातली भरात असणार. बारक्यानं पाय दुखतोय म्हणून पाहिलं, पाऊस येईलसं वाटतंय म्हणून पाहिलं. "चल रे, नाटकं करू नकोस," ताई म्हणाली. तिनं फाटक उघडलं आणि ती तिथेच थांबली.

फाटकापासून थेट ओढ्याकडे एक वाट गेली होती. शेवाळ सोलून निघालं होतं आणि चिखलात बुटांचे ठसे वाळले होते. ताई त्या वाटेनं निघाली. मागून बारक्या.

खोलगट जागेत जिकडेतिकडे खड्डे होते. तुडवलेली पानं चिखलात रुतली होती, तोडून टाकलेली फुलं सुकून काळी पडली होती. कडेला, झाडांच्या मुळांशी, कुणाचे हात पोचले नव्हते तिथे थोडी निळाई उरली होती. ताई उकिडवी बसली. एक कंद उघड्यावर पडला होता, तो तिनं मातीत ठेवून अंगठ्यानं दाबला. मग दुसरा. मग तिनं मान वर केली.

"बारक्या, तू कुणाला आणलं होतंस?"

"मी? छे! मी कशाला आणू?"

"बरं," ती म्हणाली.

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. बारक्या म्हणाला ना, मग संपलं. तिनं खोदून विचारलं असतं, आवाज चढवला असता, तर त्याला भांडता तरी आलं असतं.

"रस्त्याकडून आले असतील कुणी," तो म्हणाला.

"रस्त्याकडूनही आलेत. पण ही वाट आपल्या फाटकापासून आहे, आणि कडी आतून असते." ती हाताची माती झाडत उठली. तिचा चेहरा अगदी उतरला होता. "मग मीच आणलं असणार."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"परवा कात्री मला पिठाच्या डब्यात सापडली. कोट शिवायला देणाऱ्या बाईंचं नाव मला आठवेना, त्या समोर उभ्या होत्या तरी. कुणीतरी गिऱ्हाईक बागेतली फुलं बघून काही म्हणालं असेल, आणि मी घेऊन आले असेन. मला आठवत नाही, बारक्या. आईचंही असंच सुरू झालं होतं."

बोलायची वेळ होती ती हीच. नुसतं 'ताई, मी' एवढं म्हणायचं होतं. पण बारक्या म्हणाला, "तू उगाच मनाला लावून घेतेस." आणि दोघं त्याच वाटेनं घरी आली.

त्यानंतर बारक्या रोज ठरवायचा, आज सांगू. सकाळी ती कामात असायची, तेव्हा संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ती दमलेली असायची, तेव्हा सकाळी सांगू. मध्येच त्याला वाटायचं, थोड्या दिवसांनी ती विसरून जाईल, आणि 'विसरून' हा शब्द मनात आला की स्वतःवरच थुंकावं इतका तो संतापायचा. गप्प मात्र राहायचा.

ताई विसरत नव्हती. ती स्वतःवर पहारा ठेवू लागली. गॅस बंद केला का हे पुन्हा जाऊन बघायची, परत येऊन त्याला बघायला पाठवायची. मशीनवर टीप मारता मारता थांबून म्हणायची, "मी हे आधी बोलले का रे तुला?" बोललेली नसायची. घराच्या किल्ल्या तिनं त्याच्याकडे दिल्या. एक दिवस तो दुकानातून आला तर नवरीचे कपडे घडी करून, कागदात बांधून दाराशी ठेवलेले.

"झाले?" त्यानं विचारलं.

"परत देतेय. एवढी नाजूक हातशिलाई, मध्येच काही चुकलं तर मुलीच्या लग्नाचा विचका व्हायचा. त्यांना म्हटलं, दुसरं कुणी बघा."

बारक्या त्या पुडक्याकडे बघत राहिला. ताईच्या हातचं काम बघायला लांबून बायका यायच्या. त्याला वाटलं, आपण तिचे हातच तोडले. तरी तो बोलला नाही. इतके दिवस का सांगितलं नाहीस, असं ती विचारेल, आणि त्याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. पहिल्या दिवशी एक खोटं कबूल करायचं होतं. आता रोजचं एकेक साचून डोंगर झाला होता.

मग एका रविवारी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "मी वृद्धाश्रमात एक खोली बघून आले."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी नाही, घाबरू नकोस." ती हसली. "बरी आहे. खिडकी आहे. आईचं मी केलं ते मला जमलं. तुला नाही जमणार, आणि तू करावंस असं मला वाटतही नाही. तू मला न्हाऊ घालतोयस, हे नुसतं मनात आलं तरी मरावंसं वाटतं. अजून मला कळतंय तोवर गेलेली बरी. उद्या डॉक्टरांकडे चल, त्या म्हणाल्या घरचं माणूस सोबत पाहिजे."

बारक्या उठून बागेत गेला आणि भिंतीशी उभा राहून रडला. लवकरीची फुलं संपली होती, नुसती पाती राहिली होती. हे सगळं एका खुर्चीसाठी झालं, असं त्याच्या मनात येत होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी ताईला वार विचारला, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. ताईनं सगळं बरोबर केलं, पण प्रत्येक उत्तरानंतर ती परीक्षेतल्या पोरीसारखी त्यांच्या तोंडाकडे बघायची. मग त्यांनी विचारलं, "एखादी मोठी गोष्ट पूर्णच विसरलात, असं काही झालंय का?"

"झालंय," ताई म्हणाली, आणि तिनं सांगितलं. आईची जागा, अटी, फाटकापासूनची वाट, आतली कडी. "मी माणसांना तिथवर चालत घेऊन गेले, डॉक्टर, आणि त्यातलं एक तोंड मला आठवत नाही. आयुष्यात जे कधी करणार नाही म्हटलं होतं तेच केलं, आणि कळलंसुद्धा नाही."

डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. त्या बारक्याकडे वळल्या. "तुम्ही घरात असता. तुम्हाला काय वाटतं? असं झालं असेल?"

बारक्यानं मान वर केली नाही. टेबलाच्या कडेचा पत्रा निघाला होता, तिथेच त्याची नजर खिळली.

"नाही झालं," तो म्हणाला. "ती नव्हती. मी नेलं होतं माणसांना. दुकानातल्या. ही माप घ्यायला गेली होती तेव्हा."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. मग ही असं समजून बसली. मला दिसत होतं सगळं. कपडे परत दिले, खोली बघितली, तरी मी मूग गिळून बसलो." शरमेनं त्याचे कान तापले होते. त्याला वाटलं, ताईनं इथेच सर्वांदेखत मुस्कटात मारावी.

ताईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती डॉक्टरीणबाईंकडे झुकली. "म्हणजे मी नाही?" तिनं विचारलं. "म्हणजे मी विसरले नाही?"

"ही गोष्ट तरी नाही विसरलात. आणि कात्री कुठेतरी ठेवून विसरणं माझंही होतं."

ताई हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले, रुमाल सापडेना म्हणून तिनं मनगटानंच पुसले, आणि पुन्हा हसली. डॉक्टरीणबाईंना काय करावं कळेना, त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. बारक्याला वाटलं होतं ती चिडेल, आणि त्याची त्यानं तयारी केली होती. तिच्या आनंदाची तयारी त्याच्याकडे नव्हती. हा आनंद त्यानं इतके दिवस खिशात ठेवून फिरवला होता, आणि कुठल्याही सकाळी चहाबरोबर तिला देता आला असता.

घरी येताना ती भराभरा पुढे चालत होती. आल्या आल्या तिनं नवरीच्या घरी फोन लावला. दुसरं कुणी अजून मिळालं नव्हतं. कपडे परत आले, दिवा ओढून घेतला, मशीन सुरू झालं. बारक्या दारात उभा राहिला. आत जायचा त्याला धीर होईना.

"ताई."

तिनं पाय थांबवला. दोरा दातानं तोडला. "एक विचारू? कडेला पडलेली फुलं बघितली मी. खुडलेली. ती त्यांनी तोडली, की तू?"

नाही म्हणता आलं असतं. दुकानातलं कुणी तिला सांगायला येणार नव्हतं.

"मीही तोडली," बारक्या म्हणाला. "मालकीणबाईंना दिली. काडीनं बांधून."

ताईनं मान हलवली. हातातलं कापड सारखं करत ती म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय. जेवून घे." आणि तिनं पुन्हा टीप मारायला घेतली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बारक्याला घास गिळता आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा पिऊन उठली. एका पिशवीत तिनं छोटं फावडं आणि पाण्याची बाटली टाकली, डोक्याला रुमाल बांधला. बारक्याही लगबगीनं उठला. "मी येतो. खड्डे बुजवू. मी खणतो, तू नुसती बस."

"नको रे," ती म्हणाली. अगदी सहज, जसं कुणी आणखी चहा नको म्हणतं तसं. "आता मी एकटीच जाईन. तिथेही, आणि दुसरं कुठे काही सापडलं तर तिथेही."

ती बागेतून फाटकापर्यंत गेली. कडी काढल्याचा आवाज आला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक आणि त्यापलीकडची झाडं स्पष्ट दिसायची. ती कुठल्या बाजूला वळते ते दिसू नये म्हणून बारक्या खिडकीकडे पाठ करून उभा राहिला, आणि पावलं पार ऐकू येईनाशी होईपर्यंत तसाच उभा होता.